तो ओढा शेवटचा कधी पाहिला?

नोव्हेंबर लागला की मिस्सानंतर आमच्या चर्चच्या आवारात एकच बोलणं सुरू होतं : यंदा चालत कोण कोण निघणार? ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असं करत चार दिवसांत पोचायचं. शंभराहून अधिक किलोमीटर. त्यातला घाटाचा टप्पा म्हणजे जंगलच. एका अंगाला भीमगड, उतरताना म्हादई. मोबाईलला रेंज नाही, हॉटेल नाही आणि मुक्कामाला छप्पर मिळेल याचीही खात्री नाही.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आम्ही दोघे आणि आमचे साक्रिस्तान मामा, अशा तिघांनी ही वाट बरीच वर्षं तुडवली आहे. त्यामुळे नव्याने जाणारे आधी आमच्याकडे येतात. कुठे थांबायचं, काय न्यायचं, पाणी कुठे आहे, असं विचारतात. आम्हीही हौसेने सांगायचो. खरं सांगायचं तर त्यात थोडी मिरवायचीही हौस होती.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात आमच्या युवक मंडळातल्या सात जणांनी प्रायश्चित्त म्हणून हीच वाट चालायचं ठरवलं. मार्चचा शेवट होता. त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही छातीठोकपणे सांगितलं, “पाण्याचं ओझं कशाला? एकेक बाटली पुरे. कणकुंबी सोडली की पुढे डाव्या हाताला खाली ओढा आहे, थंडगार पाणी.” ओढा होताही. आम्ही दरवर्षी त्याच्यात पाय सोडून बसलो होतो. पण दरवर्षी म्हणजे दर नोव्हेंबरला.

सह्याद्रीचे बहुतेक ओढे डिसेंबरपर्यंत खळाळतात आणि मार्चमध्ये नुसते दगड उरतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते म्हणून तिथे बारमाही पाणी असणारच, असं काहीतरी आमच्या मनात घर करून होतं. मुलं आमच्या शब्दावर रस्ता सोडून खाली उतरली. तास-दीड तास कोरड्या पात्रातून पाणी शोधत राहिली, ती वर परत आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्यांच्यातली एक मुलगी उपवास धरून चालत होती. आधी तिचं डोकं दुखायला लागलं, मग उलटी झाली, मग ती असंबद्ध बोलायला लागली. रेंज नव्हती. भाजी घेऊन गोव्याला जाणारा एक टेम्पो थांबला म्हणून ती वेळेत साखळीला दवाखान्यात पोचली. दोन दिवस सलाईन लागलं आणि ती बरी झाली. देवाचे उपकार.

आम्ही तिला भेटायला गेलो. तिचे वडील शांत माणूस, आवाज चढवला नाही. चहा दिला. मग त्यांनी एकच विचारलं, “सर, तो ओढा तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता?”

त्या प्रश्नाने आमची झोप उडवली. आम्ही खोटं बोललो नव्हतो, आणि खरंही बोललो नव्हतो. दहा आज्ञा शिकवताना शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, तेव्हा कोर्टकचेरीची उदाहरणं देतो. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहिल्यासारखं बोलणं हेही त्याच रांगेत बसतं, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवसांत गणनाच्या पुस्तकातला दहावा अध्याय वाचनात आला. अनेकदा वाचलेला, पण नजर सरकून गेलेली. इस्राएल लोक सीनायहून निघत आहेत. पुढे कराराचा कोश आहे, डोक्यावर परमेश्वराचा मेघ आहे. कुठे थांबायचं, कधी उठायचं हे मेघच दाखवतो. असं असतानाही मोशे आपल्या सासरवाडीच्या होबाबला आर्जवं करतो की तू आम्हाला सोडून जाऊ नकोस. रानात तळ कुठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. होबाब आधी नाही म्हणतो, मला माझ्या मुलखात जायचं आहे. मोशे पुन्हा विनवतो. पुढे होबाबचं उत्तर तिथे लिहिलेलं नाही. त्याचे वंशज कनान देशात वस्ती करून राहिल्याचं शास्त्यांच्या पुस्तकात दिसतं, त्यावरून तो गेला असावा असं वाटतं.

मेघ असताना वाटाड्या कशाला, हा प्रश्न मोशेला पडला नाही. आमच्याकडे मात्र तो पडतो. “सायब सांभाळून घेईल,” असं म्हणून कितीतरी जण टॉर्चशिवाय निघतात. सायब सांभाळतो यात शंका नाही. पण तो टेम्पोवाल्याच्या हातून सांभाळतो, वाटाड्याच्या डोळ्यांनी सांभाळतो, आणि वाटाड्याने डोळे मिटून बोलायचं ठरवलं तर त्याचं एक काम अडतं.

यानंतर आमचं दुसरं टोक झालं, तेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी जे विचारायला आले त्यांना आम्ही घाबरवून सोडलं. अस्वलं आहेत, गवे आहेत, साप आहेत, पाय घसरला तर संपलंच. अस्वलं खानापूरच्या रानात आहेत, हे खरंच आहे. पण आम्ही ती प्रत्येक वळणावर उभी केली. मुलं हुशार होती. यांचं सगळंच फुगवलेलं आहे, असं समजून त्यांनी आमची एकही गोष्ट मानली नाही. पहाटे अंधारात एकटं-दुकटं पुढे चालू नका, हे खरं आणि कामाचं सांगणंही त्यातच वाहून गेलं. कनान हेरायला गेलेल्या बारांतल्या दहा जणांनी हेच केलं होतं. तटबंदीची नगरं होती, हे त्यांचं खरं होतं. आपण त्यांच्यापुढे टोळ आहोत, ही भीती त्यांनी त्यात मिसळली. मोशेने जाताना विचारायचे प्रश्न किती नेमके दिले होते : जमीन कशी, झाडं आहेत का, लोक थोडे की फार, नगरं उघडी की कोटाची.

आता चर्चच्या ऑफिसात एक वही आहे. दोनशे पानी, साधी. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायच्या : काय, कधी, आणि ‘पाहिलं’ की ‘ऐकलं’. मामांनी पहिल्या पानावर त्या ओढ्याची नोंद केली : नोव्हेंबरात पाणी, मार्चअखेर कोरडा. अंतर किलोमीटरमध्ये लिहायचं, कारण गावकरी “हे काय, पलीकडेच” म्हणतात तेव्हा ते त्यांच्या पायांनी मोजलेलं असतं. घाट उतरायला सोपा वाटतो, पण जवळजवळ ८०० मीटर खाली येताना गुडघे बोलतात, हेही लिहिलं आहे. उन्हाळ्यात माणशी दिवसाला चार लिटर पाणी, सोबत ओआरएसची पाकिटं, आणि घाटात चालणाऱ्याने उपवास धरू नये. हा शेवटचा मुद्दा फादरांनी स्वतः घातला. अभयारण्यातल्या पायवाटांना वनखात्याची परवानगी लागते, नसेल तर डांबरी रस्ता सोडायचा नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईत ठिकठिकाणी वणवे लागले होते, तेव्हापासून उन्हाळ्यात निघणाऱ्यांना आम्ही आधी तिथली परिस्थिती विचारून घ्यायला लावतो.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द ‘माहीत नाही’ असा आहे. सुरुवातीला तो लिहिताना हात अडखळायचा. इतकी वर्षं चाललो आणि माहीत नाही कसं लिहायचं?

परवा कॉलेजची दोन मुलं आली. फेब्रुवारीत निघायचं म्हणाली. त्यांनी कणकुंबीच्या पुढच्या विहिरीचं विचारलं. एकाच्या तोंडावर “असतं की पाणी” आलंच होतं, पण मामांनी वही उघडली. शेवटची नोंद गेल्या नोव्हेंबरातली होती. मग त्यांच्यासमोरच तिथल्या एका चहावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, थांबा, जाऊन बघून सांगतो. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. पाणी आहे, पण खोल गेलंय, आणि बादलीचा दोर कुणीतरी नेलाय.

मामांनी तारीख घालून लिहिलं : ‘ऐकलं. दोर सोबत न्यावा, पंचवीस फूट तरी.’