अंथरुणाची लांबी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण झोपेबद्दल कुणी वापरत नाही. मुलीच्या लग्नाचा थाट, हप्त्यांवरची गाडी, शेजाऱ्याची हौस अशा ठिकाणी ती हमखास निघते. परळला टाटा कर्करोग रुग्णालयाभोवती रुग्णांची कुटुंबं झोपतात, त्या फुटपाथवर मात्र तिच्यात अलंकारिक काही उरत नाही. प्लास्टिकवर घातलेलं अंथरूण पुढच्या कुटुंबाच्या बोचक्यापाशी संपतं. पाय तेवढेच पसरता येतात.

म्हण पायांना शहाणपण शिकवते. अंथरूण इतकंच का, हे ती विचारत नाही. अकबर-बिरबलाच्या गोष्टीतही तेच. बादशहा मुद्दाम तोकडी चादर आणवतो, दरबाऱ्यांची फजिती होते आणि बिरबल त्याला पाय जवळ घ्यायला सांगून बाजी मारतो. पण गोष्टीतला बादशहा धडधाकट आहे. शिवाय खेळ संपला की त्याला लांब चादर मिळणारच आहे.

आजाराला पाय आखडायला सांगता येत नाही. तोंडाच्या कर्करोगात रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, बहुधा सहा-सात आठवडे चालतं. किमोच्या कितीतरी औषधांचा पुढचा डोस 21 दिवसांनी असतो. यातलं बरंचसं रुग्णालयात दाखल न होताच होतं: सकाळी फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं, आपली पाळी आली की उपचार घ्यायचा आणि परत जायचं. कुठं परत जायचं, ते कागदावर नसतं. किमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर तडक रुग्णालय गाठावं लागतं. पण ताप मोजायला थर्मामीटर हवा. नाकातून नळी घातलेल्याला सगळं वाटून, पातळ करून द्यायचं, तर मिक्सर हवा, आणि मिक्सरला प्लग.

मग दोन डोसांच्या मधले दिवस कोणाच्या हिशेबात धरायचे?

इथं गाडगेबाबा आठवतात. अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीमुळे लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. स्वतःपुरती ही म्हण त्यांनी इतकी ताणली, की अंथरूण अंगावरच घेऊन फिरले. इतरांसाठी मात्र उलटं केलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी असं जिथं माणसं उघड्यावर पडत, तिथं धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही उभारली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. वारकरी आणि रुग्ण त्यांना एकाच रांगेतले वाटले असतील का? वारकरी एकादशी झाली की निघतो. रुग्णाचा मुक्काम रक्ताच्या रिपोर्टवर लांबतो, आणि खोलीसाठी मागचा माणूस तिष्ठत राहतो. धर्मशाळा मुळात पुढे जाणाऱ्यांसाठी असते. ज्याचं पुढचं ठरलेलंच नाही, त्याला तिनं किती दिवस ठेवावं?

बाबा गेले ते 20 डिसेंबर 1956 ला. प्रकृती ढासळलेली होती. अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, वाटेतच त्यांचा देह पडला. इतक्या लोकांना छप्पर देणारा माणूस आजारपणात रस्त्यावर होता. भक्तांना यात वैराग्याचा कळस दिसतो. एक आजारी म्हातारा म्हणून पाहिलं, की तो शब्द पुरेसा वाटत नाही. पण त्यांना कुणी खोलीत निजवलं असतं, तर ते राहिले असते का?

आजाऱ्याच्या छपराचा प्रश्न त्यांच्यानंतरही उरला. 2021 मध्ये म्हाडाच्या शंभर सदनिका टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं. लालबाग परिसरातल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि भोईवाड्यातली जागा पुढे आली. रहिवाशांना दगडाच्या काळजाचं ठरवणं सोपं होतं. पण गिरणगावातल्या कितीतरी घरांनी दहा बाय बाराच्या खोलीत पिढ्या काढल्या आहेत. कुणी संक्रमण शिबिरात म्हातारं झालं. अंथरूण तोकडं असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. तेवढ्यानं ती हरकत पटते का? पूर्ण नाही. पूर्ण चुकीचीही वाटत नाही.

टाटा स्मारक केंद्र आता वाराणसी, गुवाहाटी, मुझफ्फरपूरपर्यंत पोहोचलं आहे. रुग्णालयच घराजवळ नेण्याचा हा मार्ग दरभंग्याच्या माणसाला सोयीचा आहे. त्याचं घर निदान तिथं आहे, गहाण पडलं नसेल तर. मुंबईतच पुलाखाली वर्षानुवर्षं राहणाऱ्याला गालात गाठ आली, तर अंतराची अडचण नाहीच. रुग्णालय दोन स्टेशनांवर असतं. पण रुग्णांसाठीच्या धर्मशाळा प्रामुख्यानं बाहेरगावच्यांसाठी, आणि हा तर मुंबईकर. बाहेरगावचा म्हणावं तर त्याला गाव नाही. स्थानिक म्हटलं, की रेडिएशन घेऊन संध्याकाळी तो कुठं जाणार, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी त्याचं नाव कोणत्या यादीत लिहायचं?