उलटे आटे

मागच्या महिन्यात वर्गात बाईंनी ‘उलटा’ या शब्दाचे वाक्य करायला सांगितले होते. कुणी लिहिले, ‘मी शर्ट उलटा घातला.’ कुणी लिहिले, ‘वटवाघूळ उलटे लटकते.’ आमच्या कन्येने लिहिले, ‘डावीकडच्या नटाचे आटे उलटे असतात.’ वर्ग सुटल्यावर बाईंनी वही माझ्यापुढे धरली. मी सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, ‘तोंडी नको, अंकासाठी लिहून द्या.’ म्हणून हा लेख.

बालमित्रांनो, बोल्टवर गोल गोल फिरत जाणारी जी खाच असते, तिला मराठीत आटे म्हणतात. बरणीच्या झाकणालाही आतून आटे असतात. झाकण डावीकडे फिरवले की उघडते आणि उजवीकडे फिरवले की बसते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मलाही एवढेच ठाऊक होते, आणि घोटाळा तिथेच झाला.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, मे महिन्यात सहा महिन्यांसाठी इथे मिशिगनला आले. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी ३१ वर्षे फिटर म्हणून काम केले. इथे सकाळी फिरून आले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. गाडी येत नाही, बस जवळ नाही, शेजारी कामावर गेलेले. ज्यांचे आईवडील येऊन जातात, त्यांना ही खुर्ची माहीत असेल.

जूनमध्ये एका गॅरेज सेलमध्ये मला १५ डॉलरला बेंच ग्राइंडर मिळाला. मध्ये मोटर आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांचे एकेक दगडी चाक. आपल्याकडे धारवाला सायकलवर साण घेऊन येतो ना, तसेच, फक्त विजेवर चालणारे. गवत कापायच्या यंत्राचे पाते बोथट झाले होते, आणि आमच्या सौ.ची कोल्हापूरहून आणलेली विळीही. चाके झिजून खडबडीत झाली होती, म्हणून नवी आणली.

उजवीकडचा नट पाना लावताच सुटला. डावीकडचा काही केल्या हलेना. तेल सोडले, पान्याला लांब पाइप अडकवून जोर केला, शेवटी पान्यावर हातोडी घातली. नाना दारात येऊन म्हणाले, ‘काय रे, बघू का?’ मी म्हणालो, ‘नको नाना, तुम्ही बसा.’ दुपारी पुन्हा विचारले, तेव्हाही मी तेच म्हणालो. घामाघूम झालो होतो, आणि खरे सांगायचे तर, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या मुलाला एक नट सुटत नाही हे वडिलांना दिसू नये असे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर आजोबा आणि नात दोघेही गॅरेजमध्ये. तिनेच त्यांना हात धरून नेले होते. नानांनी सर्वांत आधी काय केले, तर भिंतीतला प्लग ओढून काढला. मी आदल्या दिवशी तो काढलाच नव्हता.

‘किती वेळ घट्ट करत होतास?’ त्यांनी विचारले.

‘घट्ट नाही नाना, सोडत होतो.’

‘घट्टच करत होतास. डाव्या बाजूला उलटे आटे असतात.’

मग त्यांनी नातीला विचारले, ‘बाळा, बस सुटली की उभी माणसे कुठे पडतात?’ ती म्हणाली, ‘मागे.’ ‘तसेच नटाचे. मोटर एकदम सुरू झाली की नट मागे राहायला बघतो. हे चाक वरून आपल्याकडे फिरते. उजव्या बाजूला मागे राहणारा नट आपोआप आवळतो. पण डाव्या बाजूलाही सरळच आटे ठेवले, तर तो सैल होत जाईल आणि चाक सुटून अंगावर येईल. म्हणून तिथे उलटे.’ तिच्या सायकलच्या डाव्या पेडललाही उलटे आटे असतात, हेही त्यांनी तिथल्या तिथे दाखवले. मी १२ वर्षांचा असल्यापासून सायकल दुरुस्त करतो आहे. असो.

नानांची खूण सोपी आहे. यंत्रासमोर उभे राहायचे, पाना नटावर उभा लावायचा, मूठ वर. आपल्या छातीकडे ओढला की नट सुटतो, पलीकडे ढकलला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. डावे-उजवे आठवायची गरजच नाही.

मी आवळून ठेवल्यामुळे तेलाला रात्रभर वेळ दिला. सकाळी त्यांनी चाक आणि पुढचा टेका यांच्यामध्ये लाकडाची पाचर बसवली, म्हणजे चाक फिरणार नाही. पाना उभा केला आणि मुठीवर तळहाताने एकच फटका मारला, आपल्याकडे. ‘कट्’ असा आवाज आला आणि नट मोकळा.

मला वाटले झाले. पण नानांनी दोन्ही जुनी चाके मागितली. एक पेन्सिलीवर अडकवले आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला. डावीकडचे अडकवले, टिचकी मारली. ‘थप्.’ माठ फुटका निघावा तसा. पुन्हा मारली, पुन्हा ‘थप्’. उजेडात तिरके धरल्यावर भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली. ती आधीपासून होती की माझ्या पाइपाने आणि हातोडीने पडली, हे आता कोण सांगणार?

हे चाक मिनिटाला ३४५० वेळा फिरते. नंतर मी हिशेब केला, कडेचा वेग ताशी ६० मैलांच्या वर जातो. नट निघाला नाही तर निदान त्याच चाकावर विळीला धार लावून बघू, असा माझा बेत होता, आणि कन्या ठिणग्या बघायला समोर उभी राहणार होती. तसे मी तिला कबूल केले होते. हे मी नानांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिला जवळ ओढले.

नवी चाके नानांनीच बसवली. आधी त्यांनाही टिचकी मारली. लेबलावरचा वेग मोटरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, ते माझ्याकडून वाचून घेतले. दोन्ही बाजूंना कागदी चकती घातली, नट बेतानेच आवळला, आणि टेका चाकापासून जेमतेम १/८ इंचावर आणला. मग आम्हां सगळ्यांना बाजूला उभे करून यंत्र एक मिनिट नुसते फिरू दिले. विळी ते दर दोन घासण्यांनंतर पाण्यात बुडवत होते, पाते निळे पडू नये म्हणून.

मी म्हणालो, ‘नाना, दमला असाल, आता बसा.’

‘आल्यापासून सगळे मला बसाच म्हणताहेत,’ ते म्हणाले आणि गवताच्या यंत्राचे पाते मागितले.

तडा गेलेले चाक कुणी चुकून वापरू नये म्हणून नानांनी ते हातोडीने फोडून टाकले. त्यातला अर्धा तुकडा कन्येने मागून घेतला आहे. येत्या रविवारी ती तो वर्गात दाखवायला आणणार आहे. जड आहे, पायावर पाडू नका.