भोक पडलेले वाल

श्रावणात आमच्या बालवाडीतल्या मोजायच्या वालांना भोकं पडली. डब्याच्या तळाशी पीठ, आणि चार-दोन भुंगे कडेने वर चढताहेत. मी डबा उकिरड्यावर रिकामा करायला निघाले. कपाटात देणगीतले प्लास्टिकचे मणी होतेच. धुता येतात, कीड लागत नाही. साडेचार वर्षांची एक पोर मागोमाग आली. ‘‘ताई, मण्यांना का नाय खात भुंगा?’’

मी डबा परत आणला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५च्या सुमारास बोर्डीत, मग कोसबाडच्या टेकडीवर बिया, शिंपले, खडे घेऊन मुलांना शिकवलं. महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती. कितीतरी वर्षं मीही बियांकडे गरिबाची सोय म्हणूनच पाहिलं. पण बी रुजतं, किडतं, कुजतं. मणी यातलं काहीच करत नाही, आणि मुलाला मात्र नेमकं हेच बघायचं असतं.

आम्ही दहा धड आणि दहा भोकाचे वाल वेगळे केले. निवडायलाच दोन दिवस गेले, कारण प्रत्येक भोकातून आत बघायचं होतं. अळी आतलं खाऊन मोठी होते, भुंगा होऊन भोक पाडून बाहेर येते, एवढंच मी सांगितलं. दोन कुंड्यांत पेरले. धडातले नऊ उगवले, भोकाचे तीन. ते तीन बघून जो आरडाओरडा झाला, तो नऊंना झाला नव्हता! कोंब शाबूत राहिला तर खाल्लेलं बीही उगवतं, हे मुलांनी माझ्याआधी ओळखलं.

(तीन वर्षांच्यांना मी वाल देत नाही, ती नाकात घालतात. त्यांना करवंट्या. आणि गुंजा कितीही सुंदर असल्या तरी वर्गात नकोत, त्या विषारी.)

शाश्वत विकासाच्या प्रशिक्षणात वर्गात लावायला घामाने निथळणाऱ्या पृथ्वीचं चित्र मिळालं होतं. मी ते लावलं नाही. चार वर्षांच्या मुलाला पृथ्वीची भीती घालणं मला अन्याय वाटतो. आधी तिच्याशी ओळख तर होऊ दे.

संक्रांतीच्या सुमाराला शेंगा वाळल्या. मुलांनी सोलून डबा भरला, मी कडुलिंबाचा पाला घालू लागले. त्याच पोरीने मूठभर वाल काढून खिडकीत ठेवले. पाला न घालता.

‘‘हे भुंग्यांचे,’’ म्हणाली.