कणकुंबीला थांबलेली व्हॅन

भाचीच्या साखरपुड्याला बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला निघालो. जांबोटी मागे पडली तशी आमची जुनी व्हॅन आचके देऊ लागली आणि कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशीच, बंद पडली. प्लग, वायरी मागच्याच आठवड्यात बदललेल्या, पैसे पाण्यात! जांबोटीहून आलेल्या मेस्त्रीने काही उघडलेच नाही. "तण्णगागली, सर," म्हणत झाडाखाली बसला. अर्ध्या तासाने पहिल्याच चावीला इंजिन सुरू!

"क्रँक सेन्सर. तापला की सिग्नल तुटतो. ठिणगी कधी टाकायची ते कॉम्प्युटरला कळत नाही."

सेन्सर बेळगावातच मिळणार. पुढे घाट, सोबत आई. थांबत थांबत मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी एक बोल्ट, एक कनेक्टर, संपले काम. ताई मात्र अजून धड बोलत नाही.