जाळी का काढलीस?

चि. मृणाल,


फोटो पोचला. हिरवंगार लॉन, खांबाला हमिंगबर्डसाठी लाल बाटली. साखर किती घालू, विचारतेस. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग अजिबात नको. दोन-तीन दिवसांनी बाटली घासून धुवायची. झालं उत्तर. पण कुंपणालगतची हेलिकोनियाची जाळी कुठे गेली गं? ‘साफसफाई केली’ म्हणतेस, वर कौतुकाने!

मागे विळ्यासारख्या चोचीचा पक्षी दिसल्याचं तूच कळवलं होतंस. तो पांढऱ्या टोकांच्या शेपटीचा सिकलबिल. कोस्टा रिकापासून पेरूपर्यंतच्या दमट जंगलांत, दाट सावलीत राहणारा. वजन दहा-बारा ग्रॅम. त्याची चोच जवळजवळ काटकोनात खाली वळलेली, आणि हेलिकोनियाच्या काही जातींची फुलंही तशीच वाकडी. बहुतेक हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितात. हा बहुधा फुलोऱ्याला पाय रोवून बसतो. एकाच झाडाची राखण करत नाही, रानभर विखुरलेल्या फुलांवरून फेरी मारतो आणि जाताजाता पराग पोचवतो. एकेक फूल दिवसभराचं, म्हणून पुन्हापुन्हा तीच फेरी. त्यातलं एक ठिकाण तू खणून काढलंस. बाटलीवर तो सहसा फिरकत नाही. तिथे येतील ते भांडकुदळ. एकमेकांना हुसकण्यातच त्यांचा दिवस जाईल.

शिवाय नुसत्या साखरपाण्यावर कुठलाच हमिंगबर्ड जगत नाही. कोळी लागतात, बारीक किडे लागतात, पिल्लांना तर फारच. लॉनवर औषध मारतेस का? मारत असशील तर आधी ते बंद कर.

हा साफसफाईचा सोस तुझ्या आजीचा. त्यापायी गुहागरच्या परसाचं काय झालं, तू पाहिलंयस. मी म्हणते, निम्म्या बागेला हातच लावू नये. आमच्या सोसायटीतही हेच सांगते. मीटिंगमध्ये सगळे घड्याळं बघतात. तरी फाटकापाशी शोभेची हेलिकोनिया टिकलीय, तिच्यावर शिंजीर येतात. इथे हमिंगबर्ड नाहीत. तुझ्या दारात आहेत आणि तू लॉन कापतेस!

की सापांच्या भीतीने काढलीस? तसं असेल तर बोलत नाही. तिकडचे काही साप फार विषारी. छोटी अनवाणी हिंडते, फोटोत दिसलं मला. तिला बूट घालत जा, रागावली तरी.

कंद फेकले नसशील तर घरापासून लांब, ओढ्याकडेच्या सावलीत लाव. आणि छोटीचा ताप उतरला का, ते आधी कळव.

तुझी,
मावशी