एका नजरेत किती काळ!

गेल्या कार्तिकातल्या अमावास्येला मी देवयानी दीर्घिका पहिल्यांदा पाहिली आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही! हातात धरायची साधी द्विनेत्री होती. महाश्वाचा चौकोन सापडला, त्याच्या कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ धरली, मग शर्मिष्ठेच्या बाजूला वळले, आणि एक फिकट, लांबट पुंजका समोर आला. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला होता. तेव्हा पृथ्वीवर आपल्या जातीचा माणूसच नव्हता. आफ्रिकेत आपले दूरचे पूर्वज दगडाच्या कपच्या काढून हत्यारं करत होते. देवयानीतून निघालेला प्रकाश वाटेत कुठेही न थांबता थेट माझ्या डोळ्यांत उतरला!

घरी येऊन तिचे फोटो पाहत बसले आणि एका प्रश्नाने झोपच उडवली. देवयानीची तबकडी आपल्याला खूप तिरपी दिसते. तिचा व्यास दीड लाख प्रकाशवर्षांच्या घरातला. म्हणजे तिची एक कड आपल्याला जवळ, दुसरी लांब. दोन्ही कडांचा प्रकाश आज एकदमच इथे पोचतो आहे, तर लांबच्या कडेचा प्रकाश लाखाहून अधिक वर्षं आधी निघालेला असला पाहिजे! ज्याला आपण देवयानीचा एक फोटो म्हणतो, त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत लाखभर वर्षांचा काळ पसरलेला आहे.

मग तिचं चित्र वेडंवाकडं का होत नाही? कागद-पेन्सिल घेतली. तिथले तारे केंद्राभोवती सेकंदाला साधारण २५० किलोमीटर वेगाने फिरतात. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो. बाराशे पट फरक! लाख वर्षांत तारा सरकतो जेमतेम ऐंशी प्रकाशवर्षं. दीड लाखांच्या तबकडीत ऐंशीने काय बिघडणार? म्हणून लाख वर्षं पोटात घेऊनही देवयानी आपल्याला अखंड, सुडौल दिसते. हे उत्तर कागदावर उतरलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

आणि मग वाचनात आला रेफ्सडाल अतिनवतारा! २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एका दीर्घिकेभोवती चार ठिपके सापडले. ते चारही एकाच ताऱ्याच्या स्फोटाचे होते. हा तारा फुटला सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या आणि आपल्या मधे दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकला आणि वेगवेगळ्या वाटांनी इकडे आला. कुठली वाट लांबची, कुठली जवळची. शिवाय गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथे प्रकाशाला उशीरही जास्त. खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब केला आणि सांगून टाकलं, की याच समूहात दुसऱ्या एका जागी हाच स्फोट पुन्हा दिसेल. डिसेंबर २०१५ मध्ये हबलने तिकडे पाहिलं, तर तो तिथे होता! तारा कधी फुटलेला दिसेल आणि आकाशात कुठे दिसेल, हे माणसाने आधी सांगितलं आणि आकाशाने ते खरं केलं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

याहून लांब गेलं की काळाबरोबर अंतराचाही अर्थ बदलतो. वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये दाखवलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका घ्या. विश्व जन्मून ३० कोटी वर्षंही झाली नव्हती, तेव्हाचं तिचं रूप आपल्याला दिसतं. तिचा प्रकाश जवळजवळ १३५० कोटी वर्षं प्रवासात होता. पण तो निघाला तेव्हा ती आपल्या जागेपासून सुमारे २२० कोटी प्रकाशवर्षांवरच होती! प्रकाश चालत होता आणि त्याच्या वाटेतलं अवकाश ताणलं जात होतं. आज ती दीर्घिका सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षांवर गेली आहे. वाटेत प्रकाशाची लहरही पंधरा पट लांबली. निघाला होता अतिनील, पोचला अवरक्त होऊन. वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते, म्हणूनच तिला तो सापडला.

यातून निघणारी गोष्ट तर थक्क करते. वस्तू लांब गेली की लहान दिसते, हा आपला रोजचा अनुभव. दीर्घिकांच्या बाबतीत तो सुमारे साडेनऊशे कोटी वर्षं जुन्या प्रकाशापर्यंतच चालतो. त्याच्याही पलीकडे, तेवढ्याच आकाराची दीर्घिका पुन्हा मोठी दिसू लागते, कारण तिचा प्रकाश निघाला तेव्हा ती आपल्याला जवळ होती!

हे सगळं फार परक्या ठिकाणी चाललंय असंही नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची रेडिओ लहर पकडली. २०२३ मध्ये ते जाहीर झालं. २१ सेंटिमीटरची ती लहर इथे पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरची झाली होती. जुन्नर तालुक्यातल्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या तबकड्यांनी ती ऐकली!

परक्या गावात एकच दिवस हिंडलं तरी तान्ही मुलं, शाळकरी पोरं, कर्ती माणसं, म्हातारी माणसं पाहून माणसाचं सगळं आयुष्य कळतं. खोल आकाशाच्या एका छायाचित्रात तसंच घडतं. कुठलीही एक दीर्घिका मोठी होताना आपण पाहू शकत नाही, पण प्रत्येक वयाची दीर्घिका तिथे हजर असते. प्रकाश क्षणात पोचत असता तर आपल्याला फक्त आजचं विश्व दिसलं असतं आणि त्याचं बालपण कायमचं हरवलं असतं. प्रकाशाच्या या उशिराइतकं मोठं दान खगोलशास्त्राच्या पदरात दुसऱ्या कशानेही टाकलेलं नाही. म्हणून यापुढे दीर्घिकेचं कुठलंही छायाचित्र पाहाल, तेव्हा ती किती लांब आहे एवढंच विचारून थांबू नका. ती आपल्याला कोणत्या वयात दिसते आहे, तेही विचारा.