फटीतून पांढरं की काळं?

कर्जत-खालापूरच्या खाचरांत भातकापणी आणि दिवाळी साधारण एकदमच येतात. खळ्यांवर झोडणी सुरू झाली की माझ्या नेत्रतपासणीच्या बाकावर डोळ्याला पदर लावून बसलेली माणसं वाढतात. कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलेलं असतं, कुणाला पातीचं टोक लागलेलं असतं. बहुतेकांच्या पापणीने आपलं काम अर्धंअधिक केलेलं असतं. कुसळ आलं, पापणी मिटली, पाणी सुटलं. पण दर हंगामात एखादा माणूस असा येतो की ज्याची पापणी मिटतच नाही. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी.

‘तोंड वाकडं झालं’ हे आमच्याकडचं वाक्य. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळतं, आरशात ओठ एकीकडे ओढलेला दिसतो आणि घरात ‘लकवा’ हा शब्द उच्चारला जातो. पाठोपाठ कारणही सापडतं, ‘वारं लागलं’. पहाटेच्या लोकलला दारात उभा होता, नाहीतर बोरघाटातून रात्री मोटारसायकलवर आला. वाऱ्याने चेहऱ्याची नस जाते असं मी मानत नाही. पण नस गेल्यानंतर उघड्या राहिलेल्या डोळ्याला सुकवतो तो वाराच. त्याच्यावर आळ येतो तो चुकीच्या गुन्ह्याचा.

आधी एक गोष्ट तपासायची. त्या माणसाला भुवया वर उचलायला सांगा. वाकड्या बाजूच्या कपाळावरही आठ्या पडत असतील, हात किंवा पाय लुळा पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर दुखणं मेंदूचं असू शकतं. तिथे माझी वाट पाहू नका, 108 ला फोन करा. अर्धं कपाळही सपाट पडलं असेल तर बहुधा चेहरा हलवणारी सातवी नस दुखावलेली असते. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने 1821 साली या नसेवर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. अचानक आणि उघड कारणाशिवाय होणाऱ्या या लकव्याला आजही त्याचंच नाव आहे. काही न करताही दहापैकी सात जण पूर्ण बरे होतात. पहिल्या 72 तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर हे प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळे तोंडाची मला फारशी चिंता नसते. ते बहुधा सरळ होतं. चिंता असते ती मधल्या आठवड्यांची.

पापणी उघडणारी नस तिसरी, मिटणारी सातवी. सातवी गेली की दार उघडणारा कामावर हजर आणि लावणारा रजेवर, अशी स्थिती होते. डोळ्याच्या काळ्या भागावर जे पारदर्शक बुबुळ असतं, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. ते ओलं राहतं मिनिटाला पंधराएक वेळा लवणाऱ्या पापणीमुळे. ती थांबली की बुबुळ कोरडं पडतं, वरचा थर सोलवटतो, तिथे जंतू शिरतात आणि जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. आपण त्याला ‘फूल पडलं’ म्हणतो. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी कशेळ्याच्या बाजूच्या एका वाडीतून एक मावशी आल्या. तोंड वाकडं होऊन तीन आठवडे झाले होते. गोळ्या वेळेवर मिळाल्या होत्या, ओठ हलायलाही लागला होता. डोळ्यावर मात्र कापसाची जाड घडी आणि वरून पट्टी. कुठल्याशा दवाखान्यात काळजीपोटीच बांधलेली. पट्टी सोडली तर आत डोळा सताड उघडा! दिवसरात्र तो कापसावर घासला जात होता. त्याच पट्टीनिशी मावशी झोडणीलाही जाऊन आल्या होत्या. तपासणीची केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळाच्या खालच्या भागात हिरवा चट्टा चमकला. भाताच्या कुसळाबरोबर येणाऱ्या बुरशीची जखम भरायला महिने लागतात. त्यांनाही लागले. तोंड पूर्ण सरळ झालं, फूल राहिलं.

तेव्हापासून मी पट्टीच्या विरोधात जरा हट्टीच झालो आहे. न मिटणाऱ्या डोळ्यावर नुसता कापूस ठेवणं म्हणजे त्याला पॉलिश पेपर लावणं. आधी पापणी बोटाने हलकेच खाली ओढून मिटवायची, मग ती मिटलेलीच राहील अशी कागदी चिकटपट्टी लावायची. त्याआधी आत मलम, खालची पापणी ओढून अर्धा सेंटिमीटर. मलमाने धूसर दिसतं म्हणून ते रात्री, आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, तासा-दोन तासांनी. थेंब इतक्या वेळा घालायचे असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले मागा. एरंडेल, मध, अंगावरचं दूध यांतलं काहीही नको. पंख्याखाली तोंड करून झोपू नये. बाहेर पडताना बाजूंनीही बंद असलेला चष्मा घालावा. खोपोलीच्या कारखान्यांत कामगार वापरतात तो साधा गॉगलही चालतो.

लेखाच्या नावातला प्रश्न मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना शिकवतो. रुग्णाला डोळे हळूच मिटायला सांगा, जोर न लावता. फटीतून पांढरं दिसलं तर बुबुळ वर सरकून लपलं आहे. ही निसर्गाची सोय, तीही बेलनेच नोंदवलेली. फटीतून काळं दिसलं तर बुबुळ उघडं पडलं आहे आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे उद्या नाही, आजच जायचं.

नस महिनोन्‌महिने परतली नाही तर पापण्यांचा बाहेरचा कोपरा शिवून फट लहान करता येते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बायका नाही म्हणतात, मला ते समजतं. वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅम सोन्याचं पातं बसवण्याचीही शस्त्रक्रिया आहे. धनत्रयोदशीला हे सांगितलं की सगळे हसतात. पण ते सोनं वजनाने पापणी खाली आणतं, म्हणून आडवं झाल्यावर त्याचा उपयोग कमी. मलम सुटत नाही.

सगळ्यात फसवा डोळा कुष्ठरोग्याचा. त्यात पापणी मिटत नाही आणि बऱ्याचदा बुबुळही बधिर झालेलं असतं, त्यामुळे कुसळ टोचलं तरी तक्रार नाही. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आपल्या रायगडात आजही सापडतात. याच जिल्ह्यात मांडव्याच्या परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम उभं करणारे डॉ. नोशीर अंतिया हे मुळात प्लास्टिक सर्जन. नामवंत प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले अंतिया कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त करत. अशा न मिटणाऱ्या डोळ्यासाठी कानशिलाच्या स्नायूची पट्टी पापणीत ओवण्याची एक शस्त्रक्रिया आहे. ती झालेला माणूस दात आवळतो तेव्हा डोळा मिटतो. जेवताना त्याचा डोळा लवत राहतो, घासागणिक.

या दिवाळीत तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, तर तो झोपल्यावर मंद उजेडात त्याच्या पापणीकडे एकदा बघा. फट दिसली तर मलम घालून पापणी चिकटवा, सकाळी डॉक्टरकडे न्या, आणि झोडणी संपेपर्यंत त्याला खळ्यावर जाऊ देऊ नका.